क्वार्टेट आणि त्याचे वाद्यवृंद-रूपांतर: दोन्ही ध्वनिमुद्रणे ताडून ऐकण्याची रीत

स्ट्रिंग क्वार्टेटचे, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचे, वाद्यवृंदासाठी केलेले रूपांतर ऐकले की बहुतेक श्रोते दोनपैकी एक शेरा मारतात: 'आवाज किती भरदार झाला' किंवा 'मूळचा नाजूकपणा गेला'. दोन्ही शेरे अर्धवट आहेत, कारण ऐकू आलेला फरक नेमका कोणी घडवला, हा प्रश्न त्यांत विचारलेलाच नसतो. अशा ध्वनिमुद्रणात तीन जणांचे हात गुंतलेले असतात. कोणत्या वाद्याने काय वाजवायचे हे रूपांतरकार ठरवतो, लय आणि जोर संचालक व वादक ठरवतात, आणि मायक्रोफोन कुठे ठेवायचे, दालनाचा गुंजारव किती राखायचा हे ध्वनिमुद्रक ठरवतो. एकाने केलेले दुसऱ्याच्या नावावर लावणे ही या ऐकण्यातली सर्वांत मोठी चूक आहे आणि ती वारंवार होते. पुढील टप्पे त्याच क्रमाने केले तर प्रत्येक फरक योग्य माणसाच्या खात्यात टाकता येतो.

टप्पा 1: जोडी निवडणे

सुरुवात लहान रचनेने करावी. सॅम्युअल बार्बरच्या 1936 सालच्या क्वार्टेटमधील (ऑप. 11; ऑप. म्हणजे ऑपस, संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक) संथ भाग आणि त्याचे बार्बरनेच तंतुवाद्यवृंदासाठी केलेले रूप, जे 'अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज' या नावाने प्रसिद्ध आहे, ही पहिली जोडी असावी. हा भाग साधारण आठ मिनिटांचा आहे, त्याची लय सावकाश आहे आणि रूपांतर स्वतः संगीतकाराचे असल्यामुळे 'परक्याने मुळात ढवळाढवळ केली' हा पूर्वग्रह आड येत नाही.

दुसरी जोडी शूबर्टच्या डी मायनर क्वार्टेटची (डी. 810, म्हणजे शूबर्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक; 1824, 'डेथ अँड द मेडन') घ्यावी. तिचे रूपांतर गुस्ताव माहलरने योजले होते. 1894 मध्ये हॅम्बुर्ग येथे त्याने त्यातील फक्त दुसरा भाग सादर केला. बाकीच्या खुणा त्याच्या स्वतःच्या स्वरलिपीच्या प्रतीवर राहिल्या आणि डेव्हिड मॅथ्यूज व डोनाल्ड मिचेल यांनी त्यांवरून सिद्ध केलेली संपूर्ण आवृत्ती 1984 मध्ये आली. तिसरी जोडी शोस्ताकोविचच्या आठव्या क्वार्टेटची (ऑप. 110, 1960) आणि रुडॉल्फ बार्शायने केलेल्या 'चेंबर सिम्फनी'ची (ऑप. 110ए). बेथोवेनचा सी-शार्प मायनर क्वार्टेट (ऑप. 131) शेवटी ठेवावा. तो सुमारे चाळीस मिनिटांचा आहे, त्याचे सातही भाग न थांबता वाजतात, आणि त्याचे वाद्यवृंदीय ध्वनिमुद्रण म्हणून बहुतेकांच्या हाती प्रथम येणारे लेनर्ड बर्नस्टाइन व व्हिएन्ना फिलहार्मोनिक यांचे 1977 चे ध्वनिमुद्रण इतके प्रभावी आहे, की तेच आधी ऐकणाऱ्याला मूळ क्वार्टेट नंतर उगाचच कृश वाटू लागतो.

*इशारा:* एका बैठकीत एकच जोडी घ्यावी, आणि जोडी लांब असेल तर तिचा एकच भाग घ्यावा. दोन संपूर्ण रचना पाठोपाठ ऐकल्या, तर दुसऱ्या वेळी कान थकलेला असतो आणि त्या थकव्याचा दोष रूपांतराच्या माथी जातो.

टप्पा 2: नाव, क्रमांक आणि दिशा तपासणे

स्ट्रीमिंग अॅपवर रचनेचे नाव शोधून पहिला निकाल वाजवायला घेणे, इथेच अनेकांची गाडी घसरते. खालील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे ऑपस क्रमांकामागचे अक्षर. शोस्ताकोविचच्या बाबतीत 110 म्हणजे क्वार्टेट आणि 110ए म्हणजे बार्शायचे रूपांतर. आठव्या क्वार्टेटची इतरांनी केलेली रूपांतरेही आहेत, म्हणून केवळ 'शोस्ताकोविच, तंतुवाद्यवृंद' एवढे वाचून थांबू नये. बार्शायचे नाव दिसलेच पाहिजे. 'चेंबर सिम्फनी' एवढ्या नावावरही विसंबू नये, कारण दहाव्या क्वार्टेटचे रूपांतरही (ऑप. 118ए) त्याच नावाने मिळते आणि तिसऱ्या क्वार्टेटच्या रूपांतरात (ऑप. 73ए) तर सुषिर वाद्येही येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे संचालकाचे नाव. क्वार्टेटला संचालक नसतो. रचनेच्या नावात 'क्वार्टेट' आहे पण कलाकारांत एखादा वाद्यवृंद व संचालक आहेत, तर ते रूपांतर होय. बर्नस्टाइनच्या ध्वनिमुद्रणाचे शीर्षक अनेक ठिकाणी फक्त 'स्ट्रिंग क्वार्टेट, ऑप. 131' एवढेच दिसते, आणि त्यामुळे नवखा श्रोता साठ वादकांचे वादन चौघांचे समजून ऐकत राहतो.

तिसरी गोष्ट म्हणजे दिशा. प्रत्येक वेळी क्वार्टेटच आधी लिहिलेला असतो, असे नाही. हायडनचे 'येशूची सात अंतिम वचने' हे काम मुळात वाद्यवृंदासाठी, स्पेनमधील कादिझसाठी लिहिलेले आहे, क्वार्टेट (ऑप. 51) त्यावरून 1787 मध्ये तयार झाला. तिथे 'वाद्यवृंदाने काय भर घातली' हा प्रश्नच उलटा आहे. शोनबर्गने 1937 मध्ये वाद्यवृंदासाठी बांधलेला ब्राम्सचा जी मायनर क्वार्टेट (ऑप. 25) हा पियानो क्वार्टेट (पियानो आणि तीन तंतुवाद्ये) आहे, तर शोनबर्गचेच 'फेरक्लेर्टे नाख्ट' मुळात सहा तंतुवाद्यांसाठी आहे. ही कामे ऐकण्याजोगी आहेतच, पण येथे दिलेली कसोटी त्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे रूपांतर पूर्ण रचनेचे आहे की काही भागांचेच. बर्गने 'लिरिक सुइट'च्या सहा भागांपैकी दुसरा, तिसरा आणि चौथा एवढेच भाग तंतुवाद्यवृंदासाठी बांधले. संचालक टोस्कानिनीने 1938 मध्ये एनबीसी सिम्फनीसह बेथोवेनच्या ऑप. 135 चे फक्त मधले दोन भाग ध्वनिमुद्रित केले, आणि फुर्टव्हेंग्लरने 1940 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसह ऑप. 130 मधील 'कावातिना' तेवढी घेतली. ही ध्वनिमुद्रणे मूळ क्वार्टेटच्या त्याच भागाशीच ताडावीत.

*तपासणी:* पुढे जाण्यापूर्वी कागदावर चार नावे लिहिलेली असावीत: संगीतकार, रूपांतरकार, संचालक व वाद्यवृंद, आणि मुळासाठी निवडलेला क्वार्टेट-गट. रूपांतरकाराची जागा रिकामी असेल, तर ते नाव सापडेपर्यंत ऐकायला बसू नये.

टप्पा 3: ऐकण्याची साधने लावणे

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून वगळला जातो, आणि मग पुढचे सगळे निष्कर्ष डळमळीत होतात.

मोबाइलच्या अंगच्या स्पीकरवर ही तुलना होऊच शकत नाही. चेलोची सर्वांत खालची तार सुमारे 65 हर्ट्झची, तर चार तारांच्या डबल बासची सुमारे 41 हर्ट्झची असते. छोटा स्पीकर या पट्टीतले मूळ कंपन जवळजवळ देतच नाही. वरच्या उपस्वरांवरून मेंदू स्वर ओळखतो, पण त्याचे वजन पोहोचत नाही. रूपांतरात सर्वांत मोठी भर बहुधा डबल बासचीच असते आणि नेमकी तीच इथे गायब होते. बरे हेडफोन पुरेसे आहेत, मात्र त्यांत खर्ज फुगवण्याची सोय असेल तर ती बंद ठेवावी.

अॅपमध्ये तीन सेटिंग पाहावीत. शफल बंद असावे. एका ट्रॅकचा शेवट पुढच्या ट्रॅकच्या सुरुवातीत मिसळणारे क्रॉसफेड बंद असावे. दोन ट्रॅकमधील पोकळी टाळणारे गॅपलेस चालू असावे. ऑप. 131 आणि ऑप. 110 या दोन्हींचे भाग सलग जोडलेले आहेत, आणि दोन भागांच्या सांध्यावर अर्ध्या सेकंदाची पोकळी पडली तर रचनेचा कणाच मोडतो.

आता आवाजाची पातळी. दोन ध्वनिमुद्रणांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते ते अधिक चांगले वाटते. कानाची ही खोड जुनी आहे आणि तिच्यावर विश्वास टाकू नये. दोन्हींमधला एकच मध्यम जोराचा तुकडा आलटून पालटून लावून पातळी जुळवावी आणि मग बटणाला हात लावू नये. अॅपमधील आवाज समान करणारे नॉर्मलायझेशनही बंद करावे. प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे समान होत असेल, तर हळू भाग आणि जोराचा भाग यांतले अंतरच पुसले जाते, आणि वाद्यवृंद आणल्याने हे अंतर किती वाढले हे पाहणे तर आपल्या कामाचा गाभा आहे.

स्वरलिपी हाताशी असावी. बेथोवेन, शूबर्ट, स्मेताना यांच्या क्वार्टेटच्या स्वरलिपी आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत मिळतात. शोस्ताकोविच (मृत्यू 1975) आणि बार्बर (मृत्यू 1981) यांची कामे स्वामित्वहक्काखाली आहेत, त्यामुळे त्या स्वरलिपी विकत किंवा ग्रंथालयातून घ्याव्या लागतात. स्टाफ नोटेशन वाचता येत नसेल तरी अडत नाही: चार ओळींपैकी कोणती रिकामी आहे, कोणती वर चढते आणि कोणती खाली उतरते, एवढे डोळ्यांनी दिसले तरी पुढचे बहुतेक काम होते. तेवढेही नको असेल, तर मिनिट-सेकंदांच्या खुणा ठेवाव्यात.

टप्पा 4: आधी मूळ क्वार्टेट, आणि त्यातल्या पाच जागा

मूळ रचना दोनदा ऐकावी: पहिल्यांदा न थांबता, दुसऱ्यांदा स्वरलिपी घेऊन. या दुसऱ्या फेरीत पाच जागांवर पेन्सिलने खूण करावी. एक, जिथे एकच वाद्य उघडे पडते. दोन, जिथे चौघे एकदम जोर लावतात. तीन, जिथे चेलो खालची जागा सोडून वर जातो. चार, जिथे वाक्य एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाते. पाच, जिथे शांतता आहे.

या जागा नेमक्या कशा दिसतात ते ऑप. 131 वरून पाहता येईल. पहिला भाग संथ फ्यूग आहे, म्हणजे एकच धून चारही वाद्ये एकामागून एक उचलतात. पहिले व्हायोलिन एकटे सुरू होते, चौथ्या स्वरावर, म्हणजे ए वर, अचानक दाब येतो आणि लगेच ओसरतो. मग दुसरे व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो याच क्रमाने आत येतात. क्वार्टेटमध्ये तो चौथा स्वर म्हणजे एका माणसाच्या मनगटाचा दाब असतो. त्यात गजाचे केस तारेला चिकटून सुटल्याचा बारीक खरखराट ऐकू येतो, आणि ती खरखर वाक्याच्या अर्थाचा भाग आहे. पाचव्या भागात, प्रेस्टोमध्ये, छेडलेले सुटे स्वर एका वाद्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने फेकले जातात, आणि भागाच्या शेवटाकडे गज घोडीजवळ घासून काढलेला काचेसारखा पातळ आवाज येतो. या तीन जागांवर खूण केली, तर अर्ध्याहून अधिक रूपांतराची परीक्षा त्यांतच होते.

स्मेतानाच्या ई मायनर क्वार्टेटमध्ये ('माझ्या जीवनातून', 1876) खूण करण्याच्या जागा आणखी ठळक आहेत. सुरुवातीच्या आघातानंतर लगेच व्हायोला एकटा पुढे येतो, आणि शेवटच्या भागात आनंदी नृत्य एकाएकी तुटून पहिल्या व्हायोलिनवर एक अतिशय उंच, लांब ई धरला जातो. बहिरेपणाआधी स्मेतानाच्या कानात घुमणारा तो स्वर होता. संचालक जॉर्ज सेलने ही रचना पूर्ण वाद्यवृंदासाठी बांधली आणि क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रासह तिचे ध्वनिमुद्रणही केले. एका माणसाच्या कानातला आवाज समूहाकडे गेल्यावर त्याचे काय होते, हे तिथे ऐकण्यासारखे आहे.

*तपासणी:* पाचही खुणा झाल्याशिवाय रूपांतर लावू नये. एकदा वाद्यवृंदाचा आवाज कानात बसला की मूळ रचनेतील उघड्या जागा 'रिकाम्या' वाटू लागतात आणि त्या तशाच लिहिलेल्या होत्या हे विसरले जाते.

टप्पा 5: खर्जाचा हिशेब

आता रूपांतर लावावे. पहिली फेरी न थांबता ऐकावी आणि त्या वेळी काहीही लिहू नये. दुसऱ्या फेरीत फक्त डबल बास ऐकावा. रूपांतरकाराचे शहाणपण किंवा आळस सर्वांत आधी इथे कळतो, म्हणून या टप्प्याला घाई करू नये.

क्वार्टेटमध्ये डबल बास नसतो. रूपांतरात तो आणण्याची सोपी वाट म्हणजे त्याला चेलोची ओळच वाजवायला देणे. डबल बास लिहिलेल्या स्वरापेक्षा एक सप्तक खाली वाजतो, त्यामुळे चेलोची संपूर्ण ओळ आपोआप एक सप्तक खाली दुहेरी होते. यातून तीन अडचणी निघतात.

पहिली अडचण वजनाची आहे. चेलो जिथे चपळ चालतो तिथे त्याखाली आठ डबल बास तेच स्वर वाजवू लागले की ओळ जड होते आणि वाक्याची धार बोथट होते. दुसरी अडचण आवाक्याची आहे. चेलो आपल्या सर्वांत खालच्या सी पर्यंत उतरतो, पण साध्या चार तारांच्या डबल बासला त्याखालच्या सप्तकातला सी मिळत नाही. त्याची शेवटची तार ई ची असते. पाचवी तार किंवा वाढीव पट्टी नसेल, तर वादकाला ते स्वर मध्येच एक सप्तक वर उचलून घ्यावे लागतात आणि ओळीत पायरी पडते. तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. चेलो खालची जागा सोडून वरच्या टप्प्यात धून गाऊ लागतो, तेव्हा मूळ रचनेत आधाराचा स्वर दुसऱ्या वाद्याकडे, बहुधा व्हायोलाकडे, असतो. अशा जागी डबल बास चेलोची धून खालच्या सप्तकात दुहेरी करत राहिला, तर धूनच आधार होऊन बसते आणि सबंध स्वरसंवाद पालथा होतो.

म्हणून टप्पा 4 मधील तिसरी खूण इथे उघडावी. शूबर्टच्या दुसऱ्या भागात, दुसऱ्या व्हेरिएशनमध्ये (मूळ धून बदलून मांडलेल्या रूपात), चेलो उंच टप्प्यात मुख्य धून घेतो आणि त्याच्या खाली चेलो उरत नाही. रूपांतरात तिथे डबल बास गप्प आहे का, आधाराचा स्वर धरतो का, की धूनीला चिकटतो, हे नीट ऐकावे. गप्प राहणे हाही रूपांतरकाराचा निर्णय असतो, आणि अनेकदा तोच सर्वांत चांगला असतो. बार्बरच्या भागात चढत चढत सगळी वाद्ये शिखरापाशी उंच स्वरांत पोहोचतात आणि मग अचानक शांतता येते. त्या शिखराखाली खर्जाचा आधार आहे की नाही, हे ऐकून स्वतः ठरवावे.

*इशारा:* डबल बास 'ऐकू येत नाही' म्हणून 'वाजत नाही' असा निष्कर्ष काढू नये. तो मंद धरलेला असू शकतो. हेडफोन तपासून तीच जागा पुन्हा ऐकावी, आणि शक्य असल्यास रूपांतराच्या स्वरलिपीत पाहावी.

टप्पा 6: एकटे वाद्य की संपूर्ण विभाग

मोठ्या वाद्यवृंदात साधारण 16 पहिली व्हायोलिन, 14 दुसरी, 12 व्हायोला, 10 चेलो आणि 8 डबल बास असतात. चेंबर ऑर्केस्ट्रात ही संख्या निम्म्याहूनही कमी असते. क्वार्टेटमधील चार आवाजांचा एकास एक असलेला समतोल इथे लिहिण्याआधीच बिघडलेला असतो, आणि मधले आवाज, विशेषतः दुसरे व्हायोलिन, बुजण्याचा धोका राहतो. फ्यूगमध्ये हे सहज तपासता येते: चारही प्रवेश सारख्याच ठसठशीतपणे कळले का?

सोळा व्हायोलिनचा आवाज एकापेक्षा सोळापट मोठा वाटत नाही. पातळी सुमारे 12 डेसिबलने वाढते, म्हणजे कानाला दुपटीहून थोडी अधिक जाणवते. खरा बदल पोताचा असतो. सोळा जणांच्या स्वरांत आणि व्हायब्रातोत (बोटाने स्वर किंचित थरथरवण्यात) केसाएवढी तफावत असतेच, ती एकमेकांत मिसळते आणि आवाज गुळगुळीत, रुंद होतो. एकट्याने म्हटलेला अभंग आणि टाळकऱ्यांचा गजर यांत शब्द तेच असले तरी ऐकणाऱ्याशी असलेले नाते बदलते, तसाच हा बदल आहे.

जाणता रूपांतरकार हे ओळखून काही जागा एकट्या वादकाकडेच ठेवतो. विल्यम वॉल्टनने आपल्या 1947 च्या ए मायनर क्वार्टेटवरून 1971 मध्ये 'सोनाटा फॉर स्ट्रिंग्ज' केला, तेव्हा त्याने समूहाच्या आत चौघा एकल वादकांचा गट राखला. चौघे आणि समूह यांच्यातील आलटापालट हा त्या रूपांतराचा पाया आहे. बार्शायच्या 110ए मध्येही हाच प्रश्न प्रत्येक संथ भागात विचारावा. आठव्या क्वार्टेटच्या सुरुवातीला डी, ई-फ्लॅट, सी, बी हे चार स्वर, म्हणजे जर्मन पद्धतीने संगीतकाराच्या नावाची अक्षरे, चेलो एकटाच मांडतो आणि इतर वाद्ये त्यामागून येतात. स्वतःच्या नावाची ही सही समूहाने वाजवली की ती सगळ्यांची होते. माझ्या मते हा तोटाही आहे आणि लाभही. पण चौथ्या भागातील धरलेल्या स्वरावर पडणारे आघात मात्र तंतुवाद्यवृंदात निःसंशय अधिक भीषण होतात.

एकट्या वाद्याचा आणि विभागाचा फरक कानाला अजून कळत नसेल, तर प्रत्यक्ष मैफलीला पर्याय नाही. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमांना बसता येते. व्हायोलिनचा विभाग डोळ्यांसमोर वाजताना एकदा ऐकला, की ध्वनिमुद्रणातही तो ओळखू येतो.

टप्पा 7: लय, गज आणि श्वास

हा टप्पा थोडक्यात आटोपतो, पण त्याचे खाते वेगळे आहे: इथले फरक सहसा संचालकाचे असतात. क्वार्टेटमधील चौघे एकमेकांकडे पाहून वाक्याच्या शेवटी अर्धा क्षण रेंगाळतात. साठ जणांना तो क्षण संचालकाच्या हाताने दाखवावा लागतो, म्हणून तो एक तर नाहीसा होतो किंवा ठरवून लांबतो. संथ भाग वाद्यवृंदात बहुधा आणखी संथ होतात, कारण समूह लांब स्वर सहज पेलतो: एकाचा गज संपला तरी शेजाऱ्याचा चालू असतो. ट्रॅकच्या लांबीची तुलना करून एक साधा आकडा मिळतो. मात्र पुनरावृत्तीचे भाग दोन्हींकडे वाजवले आहेत का, हे आधी पाहावे. ते न पाहता 'याची लय दुप्पट जलद' असे म्हणणारे पुष्कळ असतात.

चौघांची दमछाक हीदेखील काही रचनांची आशयसामग्री असते. बेथोवेनचा 'ग्रोसे फ्यूग' (ऑप. 133) वाद्यवृंदाकडून अनेकदा ध्वनिमुद्रित झाला आहे, क्लेम्परर आणि फिलहार्मोनिया यांचे 1956 चे ध्वनिमुद्रण त्यांपैकी आहे. त्यातला भव्यपणा खरा आहे, पण चार माणसे आपल्या ताकदीच्या काठावर उभी आहेत ही जाणीव समूहात विरळ होते. तो दोष रूपांतरकाराचाही नव्हे आणि संचालकाचाही नव्हे. समूहाकडे काम दिल्यावर ते घडणारच, म्हणून वहीत त्यासाठी 'माध्यम' असे वेगळे खाते ठेवावे.

टप्पा 8: त्याच रूपांतराचे दुसरे ध्वनिमुद्रण

हा टप्पा बहुतेक कोणी करत नाही आणि सर्व गोंधळ त्यामुळेच राहतो. त्याच रूपांतराचे, दुसऱ्या वाद्यवृंदाने दुसऱ्या दालनात केलेले ध्वनिमुद्रण घ्यावे आणि पाच खुणांच्या जागा तेवढ्या ऐकाव्यात. जो फरक दोन्हींत तसाच राहतो तो रूपांतरकाराचा किंवा माध्यमाचा. जो बदलतो तो संचालकाचा किंवा ध्वनिमुद्रकाचा.

या दोघांना वेगळे करण्यासाठी पाचवी खूण, म्हणजे शांततेची जागा, उपयोगी पडते. जोराचा स्वरसमूह तुटल्यावर दालनाची शेपटी किती वेळ ऐकू येते? ती लांब असेल तर आवाजाचा 'भरदारपणा' बऱ्याच अंशी दालनाचा आणि मायक्रोफोनच्या अंतराचा आहे. उलट वादकांचे श्वास, खुर्चीची करकर, तारेवर बोट पडल्याचा आवाज ऐकू येत असेल तर मायक्रोफोन जवळ आहेत. क्वार्टेटची ध्वनिमुद्रणे जवळून आणि वाद्यवृंदाची लांबून घेण्याचा प्रघात असल्यामुळे 'क्वार्टेट जिव्हाळ्याचा, वाद्यवृंद भव्य' हा शेरा अनेकदा रचनेपेक्षा मायक्रोफोनच्या अंतराविषयीच काही सांगत असतो.

*तपासणी:* जुनी ध्वनिमुद्रणे येथे सांभाळून वापरावीत. 1938 किंवा 1940 च्या ध्वनिमुद्रणात डबल बासचा खर्ज पुरेसा टिपलेला नसतो. त्यावरून खर्जाविषयी निर्णय देऊ नये. लय आणि गजकाम पाहण्यासाठी मात्र ती मोलाची आहेत.

टप्पा 9: नोंद

प्रत्येक खुणेसाठी वहीत एक ओळ लिहावी: जागा (मिनिट-सेकंद किंवा मापाचा क्रमांक), मुळात काय ऐकू आले, रूपांतरात काय ऐकू आले, आणि खाते, म्हणजे रूपांतरकार, संचालक, ध्वनिमुद्रक किंवा माध्यम. नमुन्यादाखल: 'फ्यूग, चौथा स्वर. मुळात: एका गजाचा दाब, लगेच सुटका. रूपांतरात: रुंद उसासा, सुटका उशिरा. दुसऱ्या ध्वनिमुद्रणात सुटका लवकर. रुंदी माध्यमाची, उशीर संचालकाचा.' 'छान', 'भव्य', 'हृदयस्पर्शी' असे शब्द या ओळीत येऊ देऊ नयेत, कारण ते कोणत्याच खात्यात बसत नाहीत. आवडनिवड वहीच्या वेगळ्या पानावर, सगळ्या ओळी भरून झाल्यावर लिहावी.

एखाद्या ओळीत खाते ठरत नसेल, तर ती जागा मोकळी सोडावी आणि तिसरे ध्वनिमुद्रण शोधावे. माहलर-शूबर्टसाठी आणि 110ए साठी अशी ध्वनिमुद्रणे विपुल आहेत. बार्बरची तर इतकी आहेत की तिथे उलट काळजी घ्यावी लागते: शोधात याच संगीतावर बार्बरने 1967 मध्ये केलेले गायनवृंदाचे 'आन्युस देई'ही पुढे येते, आणि त्यात गज नसून श्वास असल्यामुळे सातव्या टप्प्यातील खुणा तिथे नव्याने आखाव्या लागतात.